शाखा आणि शस्त्र

ग्वाल्हेरीस दसऱ्याच्या सायंकाळी कंपू भागातील मांढरेच्या मातेच्या मंदिराजवळ शमीपूजनाचा सोहळा होतो. शिंदे घराण्याचा प्रमुख पुरुष राजवेषात तेथे येतो, शमीची यथाविधी पूजा करतो आणि म्यानातून काढलेली तलवार त्या वृक्षास लावतो. पाने खाली पडू लागताच भोवती जमलेल्या मंडळींची ती वेचण्यासाठी एकच झुंबड उडते. कारण त्या दिवशी शमीचे पान हे पान नसते, सोने असते. महाराष्ट्रात आपण आपट्याची पाने लुटतो, माळव्याच्या वाटेवर गेलेल्या मराठ्यांनी शमी जवळ केली, एवढाच काय तो फरक. पांडवांनी अज्ञातवासात आपली शस्त्रे ज्या वृक्षावर ठेवली त्याच वृक्षास वर्षातून एकदा शस्त्राचा स्पर्श व्हावा, यात एक अर्थ आहेच. परंतु मला त्यातील दुसरी एक गोष्ट अधिक विचार करण्याजोगी वाटते. ती तलवार पानापाशी थांबते. फांदीस ती इजा करीत नाही आणि बुंध्याकडे तर वळतही नाही, कारण पुढल्या दसऱ्यास त्याच झाडापुढे पुन्हा हात जोडावयाचे असतात.

हे आठवण्याचे कारण असे. पुण्या-मुंबईप्रमाणे ग्वाल्हेर-लष्करातही आता हौशी लोकांच्या गच्च्यांवर वामनवृक्षांच्या, म्हणजे जपानी भाषेत ज्यांस 'बोन्साय' म्हणतात त्यांच्या, उथळ कुंड्या दिसू लागल्या आहेत, आणि त्यांच्या शेजारी जाळीच्या सावलीत ऑर्किडही टांगलेले असतात. त्या कुंड्यांतून सर्वांत अधिक आढळतात ते वड, पिंपळ आणि उंबर. मग घरातील एखादी वडीलधारी व्यक्ती विचारल्यावाचून राहत नाही : अश्वत्थाची मुळे छाटून त्यास ताटलीत बसविणे हे पाप नव्हे काय? ज्या वृक्षास प्रदक्षिणा घालावयाची, त्यास तारेने जखडावयाचे? हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. देवळाच्या छायेत वाढलेल्या आपल्या समाजास झाडावर शस्त्र चालविण्याविषयी जो संकोच वाटतो, त्याच्या मागे फार जुनी विचारपरंपरा आहे. ती परंपरा नेमके काय सांगते हे मात्र आपण पुष्कळसे विसरलो आहोत. 'झाडास हात लावू नये' एवढेच आपल्या ध्यानात राहिले आहे, आणि त्यामुळे एकीकडे हात न लावल्याने देवळांची शिखरे फुटतात, तर दुसरीकडे हात लावावयाची वेळ आली की कुऱ्हाडीवाचून दुसरे हत्यार कोणास सुचत नाही.

या परंपरेचा माग काढण्यास ग्वाल्हेरीहून फार दूर जावे लागत नाही. १८१० साली दौलतराव शिंद्यांनी लष्कर येथे आपली राजधानी स्थिर केली, त्यापूर्वी शिंद्यांचे मुख्य ठाणे उज्जैन होते. आणि उज्जैन ही वराहमिहिराची नगरी. सहाव्या शतकातील या ज्योतिषाचार्याने 'बृहत्संहिते'त ग्रहगती, पर्जन्य, वास्तू, रत्ने यांच्या जोडीस एक संपूर्ण अध्याय वृक्षायुर्वेदास दिला आहे. शीत, वारा आणि ऊन यांच्या योगाने झाडास रोग होतात. पाने पांढुरकी पडणे, कोवळी पालवी न वाढणे, फांद्या वाळणे आणि रस पाझरणे ही त्यांची लक्षणे होत. या रोगांवरील पहिला उपाय म्हणून तो शस्त्र सांगतो. दूषित भाग आधी शस्त्राने काढून टाकावा, मग त्या जागी वावडिंग, तूप आणि चिखल यांचा लेप द्यावा, आणि दूधमिश्रित पाणी घालावे. आजचा बागाईतदार छाटणीच्या जखमेवर जो मलम लावतो त्याचे हे पूर्वरूपच म्हणावे लागेल. वावडिंग जंतुघ्न म्हणून आपल्या आजीबाईच्या बटव्यात आहेच. तूप पाण्यास आत शिरू देत नाही. चिखल हवा अडवितो.

याच अध्यायात रोपांचे स्थलांतर केव्हा करावे याचा निर्णय दिला आहे. ज्यांस फांद्या फुटल्या नाहीत त्यांचे शिशिरात, फांद्या फुटलेल्यांचे हेमंतात आणि भक्कम बुंध्याच्या झाडांचे पावसाळ्याच्या आरंभी. शिवाय एक बारकावा असा की झाडाचे मूळ जागी जे अंग ज्या दिशेस होते, ते नव्या जागीही त्याच दिशेस राहील असे ते लावावे. वृक्षांमधील अंतर वीस हात उत्तम, सोळा मध्यम, बारा कनिष्ठ. फणस, अशोक, केळ, जांभूळ, डाळिंब, द्राक्ष, महाळुंग अशा झाडांची कांडी शेणाने माखून लावावी, अथवा दुसऱ्या झाडाच्या छेदलेल्या मुळावर वा खोडावर बसवावी, असेही तो सांगतो. या वचनात कलमाचे ज्ञान आहे, असा अर्थ अभ्यासक लावतात. गोव्यातील जेझुइट पाद्र्यांनी आंब्यावर कलम बांधून हापूस आणि त्याचे भाऊबंद स्थिर केले, ही गोष्ट या नियतकालिकाच्या वाचकांस सांगावयास नकोच. आपल्या जिभेवर त्याचा पुरावा दरवर्षी येतो. परंतु कलमाचा चाकू त्या पाद्र्यांबरोबर प्रथमच या देशात आला, असे मात्र कोणी समजू नये.

वराहमिहिराचा दुसरा एक अध्याय देवमूर्तीसाठी लाकूड आणण्याचा आहे. तेथे तर झाड समूळ तोडावयाचे असते. ते कसे? आदल्या रात्री वृक्षाची पूजा करून त्यावर वसणाऱ्या भूतांस 'आपण अन्यत्र वास करावा' अशी विनंती करावयाची, पहाटे झाडावर पाणी शिंपावयाचे, कुऱ्हाडीच्या धारेस मध आणि तूप माखावयाचे आणि ईशान्येकडून पहिला घाव घालून मग प्रदक्षिणाक्रमाने उरलेले तोडावयाचे. ज्यांस हा केवळ कर्मकांडाचा पसारा वाटेल त्यांस मी एवढेच सुचवीन की एका झाडासाठी एक रात्र जागणारा मनुष्य दहा झाडे तोडीत नाही.

वकिली पेशामुळे असेल, मला या विषयातील दंडनीतीचे विशेष कुतूहल वाटते. कौटिल्याने 'अर्थशास्त्रा'त नगराच्या उपवनातील फुलाफळांच्या व छायेच्या वृक्षांस इजा करणाऱ्यास जे दंड सांगितले आहेत, त्यांची पायरी पाहावी : कोवळा अंकुर तोडल्यास सहा पण, लहान फांदी तोडल्यास बारा, जाड फांदी तोडल्यास चोवीस, बुंधा तोडल्यास पूर्व साहसदंड आणि समूळ उखडल्यास मध्यम साहसदंड. झुडपे व वेली असतील तर निम्मा. सीमेवरील वृक्ष, चैत्यवृक्ष आणि राजवनातील वृक्ष असतील तर दुप्पट. याज्ञवल्क्यस्मृतीतही हीच रीत आहे. तेथे ज्यांच्या फांद्यांपासून पुन्हा झाड होते अशा, म्हणजे वडासारख्या, वृक्षांचा आणि ज्यांवर लोकांची उपजीविका चालते अशा वृक्षांचा उल्लेख असून फांदीस वीस, बुंध्यास चाळीस आणि सबंध झाडास ऐंशी पण असा चढता दंड आहे. देवालय, स्मशान, सीमा वा पुण्यस्थान येथील वृक्ष असेल तर तो दुप्पट. कल्याणीच्या चालुक्य दरबारात विक्रमादित्य सहावा (१०७६ ते ११२६) याच्या काळी विज्ञानेश्वराने या स्मृतीवर 'मिताक्षरा' लिहिली, आणि पुढे बंगालखेरीज बहुतेक हिंदुस्थानचा वारसाहक्क तिच्यावर चालला. वारशाचे तंटे लढविणारे आम्ही लोक मिताक्षरा उघडतो ती दायविभागाच्या पानावर; झाडांचे पान क्वचितच उघडले जाते.

या दंडांच्या मोजपट्टीत मर्म आहे. येथे 'तोडले की नाही' हा एकच प्रश्न नाही. किती तोडले, कोणत्या अवयवावर घाव घातला, झाड कोठे उभे होते, त्याच्यावर कोण जगत होते, हे सर्व विचारले आहे. याच्याशी इंग्रजी कायदा ताडून पाहावा. १८९४ साली हाउस ऑफ लॉर्ड्सने 'लेमन विरुद्ध वेब' या खटल्यात असा निर्णय दिला की शेजाऱ्याच्या झाडाच्या फांद्या आपल्या हद्दीत आल्या तर पूर्वसूचना न देताही त्या तोडण्याचा आपणास अधिकार आहे. निर्णय स्वच्छ आहे, त्याविषयी तक्रार नाही. पण त्यात विचार आहे तो केवळ कुंपणाचा. झाड जगेल काय, हा प्रश्न त्या न्यायासनापुढे नव्हताच. आपल्याकडील आजच्या कायद्यांनी, म्हणजे महाराष्ट्राच्या १९७५ च्या, गोव्याच्या १९८४ च्या आणि मध्य प्रदेशच्या २००१ च्या वृक्षविषयक कायद्यांनी, परवानगीची अट घालून जुन्या विचाराशी काही अंशी पुन्हा नाते जोडले आहे. महाराष्ट्राच्या कायद्यात तर झाड 'तोडणे' या शब्दाच्या व्याख्येत झाडास कोणत्याही प्रकारे इजा करणे हेही येते. आणि मराठी राज्यकर्त्यांचा दृष्टिकोन पाहावयाचा तर रामचंद्रपंत अमात्यांचे 'आज्ञापत्र' आहेच. आरमारासाठी लाकूड हवे असले तरी रयतेच्या आंब्या-फणसांस हात लावू नये, कारण ती झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत आणि रयतेने ती लेकरांप्रमाणे वाढविलेली असतात. एखादे जीर्ण झाड घेणेच असेल तर धन्यास राजी करून, मोबदला देऊन घ्यावे, असा त्यातील आशय आहे. जीर्ण झालेले झाड आणि बहरातले झाड यांत भेद करणे हे छाटणी जाणणाऱ्याचे लक्षण होय.

आता झाडास आकार देण्याच्या कलेकडे वळू. तेथेही ग्वाल्हेर संस्थानाची भूमी आपणास रिक्तहस्ते परतवीत नाही. विदिशेजवळच्या बेसनगर येथे, जे त्या वेळी शिंद्यांच्या राज्यात होते, एक पाषाणाचा कल्पवृक्ष सापडला. तो आता कोलकात्याच्या इंडियन म्युझियममध्ये आहे. इसवी सनापूर्वीचा हा वृक्ष म्हणजे एक वड आहे. कठड्याने वेढलेल्या चौथऱ्यावर पुरुषभर उंचीचा तो वड उभा असून त्याच्या पारंब्या खाली उतरल्या आहेत आणि पारंब्यांच्या मधून द्रव्याने भरलेली भांडी व थैल्या दिसतात. अवाढव्य वटवृक्षाचे सारे वैभव एवढ्याशा आकारात आणावयाचे तर काय ठेवावे आणि काय गाळावे, हा प्रश्न त्या अनामिक पाथरवटापुढे निश्चितच आला असला पाहिजे. त्याने पाने मोजकी ठेवली आणि पारंब्या सोडल्या नाहीत. आज वडाचा वामनवृक्ष करणारा माणूस हाच निर्णय घेतो.

दुसरे शिल्प खुद्द ग्वाल्हेरीत, किल्ल्याच्या पायथ्याशी गुजरी महालात आहे. मानसिंह तोमराने (१४८६ ते १५१६) मृगनयनीसाठी बांधलेल्या या महालात संग्रहालय उभे केले ते संस्थानच्या पुरातत्त्व खात्याचे प्रमुख मो. बा. गर्दे यांनी. ग्यारसपूरची शालभंजिका हे तेथील सर्वांत जपलेले शिल्प. शालवृक्षाची डहाळी वाकवून मोडणारी ती शालभंजिका. पण या मूर्तीचे हात कालौघात गेले आहेत, आणि हातांबरोबर ती फांदीही गेली आहे. उरला आहे तो केवळ कमरेतला बाक, ज्यावरून गेलेल्या फांदीची दिशा ओळखावयाची. स्त्रीच्या स्पर्शाने वृक्षास फुले येतात हा आपल्या कवींचा जुना संकेत. त्यास काव्य म्हणून सोडून देणाऱ्यांनी एखाद्या अनुभवी माळ्यास विचारावे. फांदीचा शेंडा खुडला, अथवा उभी फांदी वाकवून आडवी बांधली, की तिच्या अंगावरील निद्रिस्त डोळे जागे होतात आणि पुष्कळदा बहरही अधिक येतो. याचे कारण १९३०च्या दशकात शास्त्रज्ञांनी दाखवून दिले : शेंड्यात तयार होणारे ऑक्झिन नावाचे द्रव्य खाली उतरते आणि बाजूच्या डोळ्यांस दाबून ठेवते; शेंडा गेला की तो दाब जातो. तुळशीच्या मंजिऱ्या खुडणाऱ्या प्रत्येक गृहिणीस ही गोष्ट शास्त्राच्या नावावाचूनच ठाऊक असते. मंजिरी वेळीच काढली तर तुळस पानांनी भरते. राहू दिली तर ती बी धरून लाकडासारखी होते. आणि द्वादशीस व रविवारी तुळस तोडू नये, हा नियम पाळणाऱ्या घरात झाडास आपोआप विश्रांतीचे दिवस मिळतात.

वामनवृक्षाची कला चीनमधून जपानात गेली. चीनमध्ये ७०६ साली बांधलेल्या राजपुत्र झांगहुआई याच्या कबरीच्या भिंतीवर तबकात लहान झाडे व दगड घेऊन चाललेले सेवक रंगविलेले आहेत. जपानमध्ये १३०९ च्या एका चित्रपटावर कुंड्यांतील झाडे दिसतात. 'बोन्साय' या शब्दाचा अर्थ थाळीतील लावणी, इतका साधा आहे. १९२३ च्या भूकंपानंतर तोक्योतील वामनवृक्षांचे माळी ओमिया येथे जाऊन राहिले आणि १९२५ पासून तेथे त्यांचे गावच वसले. वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय वृक्षोद्यानात एक पाइन वृक्ष आहे, तो १६२५ पासून कुंडीत वाढविला जात आहे. ६ ऑगस्ट १९४५ रोजी हिरोशिमात तो यामाकी कुटुंबाच्या अंगणात होता, वाचला, आणि १९७६ मध्ये त्या कुटुंबाने तो ज्यांनी बाँब टाकला त्यांच्याच देशास भेट दिला. वामनवृक्ष म्हणजे झाडाचे हाल, असे म्हणणाऱ्यांनी या वयाचा विचार करावा. उपाशी ठेवलेले झाड चार शतके जगत नाही.

या कलेची हत्यारे थोडी, पण प्रत्येकाचे काम ठरलेले. बारीक डहाळ्यांसाठी लांब पात्यांची कात्री. मुळांसाठी जाड, आखूड कात्री. मुळांची गुंतवळ विंचरण्यासाठी लोखंडी आकडी. तार कापण्याची पक्कड. परंतु या पेटीचा राजा म्हणावे असे हत्यार म्हणजे आतील बाजूस वाटीसारखी वळलेली पाती असलेली कातर. विसाव्या शतकात जपानी लोहारांनी तिला आजचे रूप दिले. साध्या कात्रीने फांदी तोडली तर बुंध्यावर खुंट उरतो, आणि तो झाकताना साल फुगून गाठ येते. ही कातर खोडात किंचित खोल जाते. त्या खळग्यात नवी साल भरून येते आणि वर्षा-दोन वर्षांत घाव कोठे होता हे बोट फिरवूनही कळत नाही. वराहमिहिराने लेपाने जे साधले ते येथे पात्याच्या वळणाने साधले आहे.

फांदीस वळण देण्यासाठी पूर्वी दोऱ्या बांधीत. पुढे तांब्याची तार आली, आणि आता वडा-पिंपळासारख्या मऊ सालीच्या झाडांस ॲल्युमिनियमची तार वापरतात. तार फांदीच्या साधारण एक तृतीयांश जाडीची घ्यावी, पंचेचाळीस अंशांच्या तिरक्या वेढ्यांनी गुंडाळावी आणि मगच दोन्ही अंगठ्यांच्या आधाराने फांदी हळूहळू वाकवावी. पावसाळ्यात वडाची फांदी इतक्या झपाट्याने जाड होते की काही आठवड्यांतच तार सालीत रुतते. अशा वेळी ती उलगडून काढण्याचा लोभ धरू नये, जागच्या जागी तुकडे करून काढावी. तारेपेक्षा साल महाग आहे.

ग्वाल्हेरीच्या हौशी मंडळींस पुस्तकातील जपानी ऋतुमान उपयोगी पडत नाही. येथे ज्येष्ठात पारा पंचेचाळीस अंशांवर जातो, लू वाहते, आणि दोन-तीन इंच खोलीच्या कुंडीतील माती सकाळी भिजविली तर दुपारपर्यंत कोरडी होते. तेथे उन्हाळ्यात मुळे छाटणे म्हणजे झाडास मुद्दाम मारणे होय. वड-पिंपळांची कुंडी बदलून मुळांची छाटणी करावयाची ती थंडी सरल्यावर, पालवी फुटू लागण्याच्या सुमारास, अथवा पहिले दोन-तीन पाऊस पडून हवेत ओलावा आल्यावर. एका वेळी मुळांचा तिसऱ्या हिश्श्याहून अधिक भाग काढू नये. या झाडांच्या घावातून चीक वाहतो, तो ओल्या फडक्याने टिपीत राहावे. थांबला की मगच लेप लावावा. जातशाख आणि अजातशाख झाडांस वेगळे ऋतू सांगणारा उज्जैनचा आचार्य या बाबतीत जपानी पुस्तकाहून आपणास जवळचा आहे.

आता त्या वडीलधाऱ्या प्रश्नाकडे. अश्वत्थास शस्त्र लावावे काय? अश्वत्थ पूज्य आहे हे निर्विवाद. गीतेच्या दहाव्या अध्यायात भगवंतांनी सर्व वृक्षांत त्यासच आपली विभूती म्हटले आहे. पण त्याच गीतेच्या पंधराव्या अध्यायात संसाररूपी अश्वत्थ अनासक्तीच्या शस्त्राने छेदावा असेही सांगितले आहे, आणि ज्ञानेश्वरांनी त्या रूपकाचा विस्तार मोठ्या रसाने केला आहे. रूपकावरून आचार ठरवू नये हे मी जाणतो. तरीही एवढे खरे की पूज्य वस्तूच्या संदर्भात शस्त्राचा उच्चारही निषिद्ध मानणारी आपली परंपरा नव्हे.

प्रत्यक्ष आचाराचा प्रश्न ग्वाल्हेरच्या किल्ल्यावर उभा राहतो. तेथील सासबहूचे मंदिर, ज्यातील शिलालेख १०९३ सालचा आहे, आणि त्याहून जुने तेली का मंदिर ही दोन्ही १८८१ ते १८८३ या काळात मेजर कीथ यांच्या देखरेखीखाली दुरुस्त झाली. १९१३ मध्ये संस्थानचे स्वतःचे पुरातत्त्व खाते निघाल्यावर गर्दे यांनी राज्यभरच्या पडक्या वास्तूंची निगा हाती घेतली. जुन्या देवळाची डागडुजी करणाऱ्या कोणाचेही पहिले काम म्हणजे दगडांच्या सांध्यांतून उगवलेले वड-पिंपळ काढणे. पाखरांच्या विष्ठेतून बी पडते, सांध्यातील चुन्याच्या ओलाव्यावर रुजते, आणि केसाएवढे मूळ काही वर्षांत शिळा बाजूस सारते. माझ्या पेशात अशाच एका देवस्थानाच्या विश्वस्तांमधील तंटा मजकडे आला होता. शिखरावर उगवलेला पिंपळ एका पक्षाच्या मते दैवी होता, दुसऱ्याच्या मते त्याच्या मुळाशी तेजाब ओतणे हा एकमेव उपाय होता. तीन वर्षे पत्रव्यवहार चालला, आणि तेवढ्या काळात रोपाचा बुंधा मनगटाएवढा झाला व आमलकाखालची भेग बोट जाईल इतकी रुंदावली. मूर्तीस प्राणप्रतिष्ठेनंतर कायद्याने व्यक्ती मानले जाते; त्या व्यक्तीचे घर फुटत असता दोन्ही पक्ष तिच्याच वतीने भांडत होते.

येथे वामनवृक्ष वाढविणाऱ्यांचे कसब कामास येते, ही गोष्ट देवस्थानांच्या चालकांनी जाणून घ्यावी असे मला मनापासून वाटते. भिंतीतले रोप मुळातच वामन असते : माती नाही, पाणी तुटपुंजे, खोड आखूड पण जाड, मुळे चपटी होऊन दगडास धरलेली. जपानी माळी डोंगरकपारींतून नेमकी अशीच झाडे शोधीत हिंडत असत. पावसाळ्याच्या सुरुवातीस, रोप बोटभर जाडीचे असतानाच, सांध्यातील कुजका चुना आकडीने मोकळा करावा, मुळे शक्य तितकी सोडवून घ्यावीत, न निघणारी स्वच्छ कापावीत, पाने निम्मी काढावीत आणि रोप वाळूमिश्रित मातीच्या कुंडीत सावलीस ठेवावे. वड-पिंपळांची जीवनशक्ती मोठी चिवट. अशी रोपे पुष्कळदा जगतात. उरलेल्या मुळांचा बंदोबस्त करून सांधा चुन्याने भरला की शिखरही वाचते. ज्यांस विधीची आवश्यकता वाटेल त्यांनी वनप्रवेशाच्या अध्यायातील प्रार्थना करावी, कुंडी देवळाच्या ओवरीत ठेवावी आणि तिला प्रदक्षिणा घालावी. वामनाने तिसरे पाऊल कोठे ठेवले हे ज्यांस माहीत आहे त्यांनी आकारावरून देवत्व मोजण्याचे कारण नाही.

ऑर्किडांची गोष्ट निराळी आहे. वनस्पतिशास्त्राच्या मराठी पुस्तकांतून यांस आमर म्हटलेले आढळते. पण कोकणातील लोकांनी ऱ्हिंकोस्टायलिस रेटुसा या जातीस जे नाव दिले, 'सीतेची वेणी', त्याला तोड नाही. आंब्या-फणसाच्या फांदीवरून मृगाच्या सुमारास लोंबणारे ते गुलाबी-पांढरे घोस पाहिले की नावाचे स्पष्टीकरण लागत नाही. डच अधिकारी व्हान ऱ्हेडे याने १६७८ पासून प्रसिद्ध केलेल्या 'होर्तुस मलाबारिकुस' या बारा खंडांच्या ग्रंथातील शेवटच्या, १६९३ च्या खंडात हीच वनस्पती 'अंजेली मरवर' या मलयाळी नावाने आली आहे. अंजिली म्हणजे रानफणस, ज्याच्यावर ती वाढते. त्या ग्रंथाच्या सिद्धतेत कोचीनच्या तीन कोंकणी वैद्यांचा, रंगभट, विनायक पंडित आणि आपू भट यांचा, हात होता, आणि त्यांचे १६७५ चे प्रमाणपत्र कोंकणी भाषेत, देवनागरी लिपीत पहिल्या खंडात छापलेले आहे. कोंकणी वाचकांस याचा अभिमान वाटावा हे स्वाभाविक आहे. ग्वाल्हेरच्या बाजूसही ऑर्किड अगदीच परके नाहीत : मध्य भारतात आंबा-मोहाच्या झाडांवर आढळणारी जी रास्ना, तिच्या 'वंदा' या संस्कृत नावावरूनच सर विल्यम जोन्स यांच्या लेखणीतून ते नाव शास्त्रात गेले, आणि आज जगभरचे पुष्पविक्रेते तेच नाव घेतात.

दुर्दैवाने हिंदीत 'बांदा' हा एकच शब्द ऑर्किडासही लावतात आणि बांडगुळासही. आपल्याकडेही देवळाच्या आवारातील आंबा 'साफ' करणारा गडी दोहोंत फरक करीत नाही. बांडगूळ झाडाच्या सालीत मुळे घुसवून रस शोषते. ते फांदीच्या थोड्या भागासह कापून काढलेच पाहिजे. ऑर्किड फक्त आधार घेतो. त्याची मुळे सालीवरून पसरतात, त्यांवरील पांढरट स्पंजासारखे आवरण पावसाचे व दवाचे पाणी टिपून घेते, आणि यजमान वृक्षाचा थेंबही ते घेत नाहीत. कोयता चालविण्यापूर्वी मूळ सालीच्या आत गेले आहे की वर आहे, एवढे पाहिले तरी पुरे. शिवाय संपूर्ण ऑर्किड कुळ आंतरराष्ट्रीय व्यापारनियमनाच्या कराराखाली येत असल्याने रानातून काढलेल्या रोपांचा व्यवहार धोक्याचा आहे, रोपवाटिकेतून घ्यावीत.

वामनवृक्षावर जितके संस्कार, तितका ऑर्किडवर संयम. सीतेची वेणी अथवा वंदा यांस वर वाढणारा एकच शेंडा असतो. आकारासाठी तो खुडला तर झाड खुंटून बसते. हवेत लोंबणारी मुळे अस्ताव्यस्त दिसतात म्हणून कापू नयेत. टोक हिरवे आहे तोवर ते मूळ जिवंत आहे. डेंड्रोबियमच्या जुन्या, पाने गळलेल्या कांड्या वाळक्या वाटल्या तरी त्यांत पुढील फुटव्यासाठी साठा असतो. सुरकुतून पिवळ्या पडेपर्यंत त्यांस राहू द्यावे. फॅलेनॉप्सिसचा फुले गळलेला दांडा हिरवा असेल तर खालून दुसऱ्या वा तिसऱ्या पेऱ्याच्या वर कापावा, म्हणजे तेथून पुन्हा फुलांचा फाटा निघण्याचा संभव असतो. तपकिरी झाला असेल तर मुळापासून. नव्या दांड्यास वळण द्यावयाचे तर कळ्या उमलण्यापूर्वी बांबूची काडी लावून सैल दोऱ्याने बांधावा, आणि एकदा बांधल्यावर कुंडीची उजेडाकडील बाजू बदलू नये, नाहीतर कळ्या माना फिरवितात. दिशेचा हा नियमही वराहमिहिरास ओळखीचा वाटला असता.

मात्र एका बाबतीत ऑर्किड फार सोवळा आहे. सिंबिडियम मोझेइकसारखे विषाणू एका झाडाच्या रसातून दुसऱ्यात जातात ते माळ्याच्या पात्यावरून, आणि एकदा लागले की त्यांवर औषध नाही. म्हणून एका झाडास लावलेले पाते दुसऱ्यास लावण्यापूर्वी ज्योतीवर लाल होईपर्यंत धरून निववावे. स्पिरिटच्या बोळ्याने पुसणे विषाणूंस पुरत नाही. घावावर कोळशाची वस्त्रगाळ पूड अथवा हळद लावून दोन दिवस त्या जागेस पाणी लागू देऊ नये. ग्वाल्हेरीच्या उन्हाळ्यात याच्या जोडीस पाण्याने भरलेली परात कुंड्यांखाली ठेवावी लागते आणि पश्चिमेकडे वाळ्याचा ओला पडदा. तोही सूर्यास्तापूर्वी भिजविणे थांबवावे, कारण रात्रभर ओल राहिली तर पानांच्या बेचक्यात पाणी साचून शेंडा कुजतो.